शिकाऱ्याची दारू आणि तोफेची भूक

अमेरिकेतील शिकाऱ्यांना घरच्या घरी काडतुसे भरण्यासाठी लागणाऱ्या दारूचा तुटवडा हा वरवर पाहता छंदिष्टांचा किरकोळ प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे युक्रेनचे युद्ध, चीनमधून येणारा कापसाचा आखूड तंतू आणि शीतयुद्धानंतर आटत गेलेला एक जुना उद्योग अशी लांबलचक साखळी आहे.

युद्ध पेटले की गहू, खनिज तेल आणि सोने यांच्या भावांकडे साऱ्यांचे लक्ष लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतरही तसेच झाले. मात्र याच युद्धाची झळ मोंटाना, वायोमिंग, आयडाहो आणि अलास्का या अमेरिकी राज्यांमधील एका वर्गाला अगदी अनपेक्षित ठिकाणी बसली. बंदुकीच्या सामानाची विक्री करणाऱ्या दुकानांत ज्या फळीवर दारूचे डबे मांडलेले असत, ती फळी रिकामी दिसू लागली. लांब पल्ल्याच्या 'मॅग्नम' काडतुसांना लागणाऱ्या दारूच्या बाबतीत ही टंचाई सर्वाधिक जाणवली.

भारतीय वाचकाला या विषयाची पार्श्वभूमी थोडी समजून घ्यावी लागेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले आणि पुढे ती जवळपास संपुष्टात आली. अमेरिकेत मात्र शिकार कायदेशीर आहे. प्रत्येक राज्य हंगाम ठरवते, परवाने देते आणि किती जनावरे मारता येतील याची मर्यादा घालते. पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत एल्क, म्हणजे आपल्या सांबराहूनही थोराड असे हरीण, मिळाले तर कुटुंबाची अनेक महिन्यांच्या मांसाची सोय होते. अमेरिकेतील बंदुकांविषयी आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा शाळांमधील गोळीबाराच्या निमित्ताने. हा शिकारी वर्ग त्या चर्चेत क्वचितच दिसतो.

या वर्गातील अनेक जण तयार काडतुसे विकत घेण्याऐवजी ती घरीच भरतात. त्याला तिकडे 'हॅण्डलोडिंग' म्हणतात.

काडतुसाचे चार घटक

रायफलच्या काडतुसाचे घटक चार. पितळी कवच, त्याच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार उडाल्यावर गोळी जाते, दारू जळते, प्रायमर निकामी होतो. पण पितळी कवच उरते. काडतुसातील हाच भाग महागडा असतो आणि तो अनेकदा पुन्हा वापरता येतो. उडालेल्या कवचाला साच्यात दाबून मूळ आकार द्यायचा, नवा प्रायमर बसवायचा, तराजूवर दारू तोलून भरायची आणि यंत्राने गोळी ठरावीक खोलीवर बसवायची, असा हा क्रम आहे. दारू तोलण्याचे माप ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ७००० ग्रेनचा एक पौंड होतो.

या खटाटोपामागे काटकसर हे एक कारण असले तरी तेच एकमेव नाही. प्रत्येक रायफलच्या नळीची स्वतःची अशी एक प्रकृती असते. एखादी गोळी आणि एखादी दारू यांचे तिच्याशी जमते, दुसऱ्यांचे जमत नाही. स्वतः भरलेली काडतुसे नेमबाजीत अधिक अचूक ठरू शकतात आणि जनावर एका गोळीत, फारशा वेदना न होता पडावे यासाठी ही अचूकता मोलाची असते. शिवाय जुन्या बनावटीच्या काही रायफलींची तयार काडतुसे बाजारात सहज मिळत नाहीत. या साऱ्यांपलीकडे एक भावनाही आहे. आपण कारखान्यावर अवलंबून नाही, आपले सामान आपण तयार करतो, या स्वावलंबनाचा ग्रामीण अमेरिकेला मोठा अभिमान आहे. सध्याच्या टंचाईने नेमका याच अभिमानाला धक्का दिला.

मॅग्नमला संथ दारू का?

शॅम्पेनच्या मोठ्या बाटलीला 'मॅग्नम' म्हणतात. नेहमीपेक्षा मोठ्या कवचाच्या, अधिक दारू मावणाऱ्या काडतुसांनाही तेच नाव पडले. ब्रिटनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ मध्ये आणलेले .३७५ मॅग्नम हे त्यातील एक जुने आणि आजही वापरात असलेले उदाहरण. अमेरिकेत १९६२ मध्ये ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम आणि १९६३ मध्ये .३०० विन्चेस्टर मॅग्नम ही काडतुसे आली. दूरच्या डोंगरउतारावरील जनावरासाठी वेगवान आणि सपाट मार्गाने जाणारी गोळी हवी, ही त्यामागची गरज होती.

या काडतुसांची मुख्य अडचण अशी, की कवच मोठे आणि नळी मात्र तितकीच अरुंद. त्यात भराभर जळणारी दारू भरली, तर गोळी जागची पुरेशी हलण्यापूर्वीच सारा वायू एकदम तयार होतो आणि दाब धोक्याच्या रेषेपलीकडे जातो. म्हणून मॅग्नमला संथ जळणारी दारू लागते. गोळी नळीतून पुढे सरकत असताना तिच्यामागे वायू निर्माण होत राहावा आणि तिला सतत रेटा मिळावा, ही त्यातील कल्पना. हा संथपणा दाण्याचा आकार आणि त्यावरील रासायनिक लेप यांनी साधला जातो. जळण्याचा सारा व्यवहार सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात आटोपतो; 'संथ' आणि 'जलद' हे शब्द तेवढ्याच मर्यादेत घ्यायचे.

या दाबाची कल्पना एका तुलनेने यावी. अमेरिकी शस्त्र व दारूगोळा उत्पादकांच्या मानक संस्थेने .३०० विन्चेस्टर मॅग्नमसाठी घालून दिलेली कमाल मर्यादा दर चौरस इंचास ६४ हजार पौंड एवढी आहे. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३२ पौंड हवा असते. म्हणजे टायरच्या दोन हजार पट दाब शिकाऱ्याच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर निर्माण होतो. दारूची निवड हा या छंदातील सर्वांत जबाबदारीचा निर्णय मानला जातो तो यामुळेच.

खपाचे गणितही मॅग्नमच्या विरोधात जाते. .३०८ सारख्या मध्यम काडतुसात साधारण ४५ ग्रेन दारू मावते, तर .३०० मॅग्नमला ७० ते ८० ग्रेन लागते. एका पौंडाच्या डब्यात मध्यम काडतुसे दीडशेच्या आसपास भरतात, मॅग्नम जेमतेम नव्वद. पौंडाला तीस डॉलर भाव असताना मॅग्नमच्या एका बारामागे दारूचा खर्च ३२ सेंट येई. पन्नास डॉलर भावाने तोच ५४ सेंट होतो. टंचाईच्या काळात अनेक डब्यांच्या किमतींनी साधारण असाच प्रवास केला.

युद्धानेच उभा केलेला बाजार

या बाजाराचा जन्मही युद्धाच्याच पोटी झाला आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी सरकारकडे दारूचा प्रचंड शिलकी साठा पडून होता. कॅन्सस राज्यातील ब्रूस हॉजडन यांनी तो विकत घेऊन शिकाऱ्यांना किरकोळीने विकण्यास सुरुवात केली. त्यातील '४८३१' नावाची दारू मुळात २० मिलिमीटर ऑर्लिकॉन तोफांसाठी तयार झाली होती. ती रायफलच्या मानाने फार संथ होती. परंतु मोठ्या कवचाच्या काडतुसांना ती नेमकी मानवली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात रॉय वेदरबी अतिवेगवान काडतुसांचा पुरस्कार करीत होते. स्वस्त, संथ आणि मुबलक दारू हाती आल्याने मॅग्नमचे युग बहरले. तोफांसाठी केलेली दारू शिकाऱ्याच्या कपाटात आली आणि एक नागरी बाजारपेठ उभी राहिली.

शिलकी साठा कधीतरी संपणारच होता. पुढे नवी दारू कारखान्यांतून येऊ लागली. पण ते कारखाने संख्येने अगदी मोजके आणि बहुतेक सारे लष्करी कामाशी जोडलेले राहिले. हॉजडन कंपनीची 'एच ४८३१', 'एच १०००' आणि 'रेटुंबो' ही मॅग्नमसाठी नावाजलेली दारू ऑस्ट्रेलियातील मुलवाला येथील कारखान्यात तयार होते. हा कारखाना ऑस्ट्रेलियन सैन्यासाठीही दारू बनवतो. गोल दाण्याची दारू फ्लोरिडातील सेंट मार्क्स येथून येते. तो कारखाना जनरल डायनॅमिक्स या संरक्षण क्षेत्रातील कंपनीचा आहे. फिनलंडमधील 'व्हिटावुओरी'ची मालकी नाम्मो या दारूगोळा उत्पादक समूहाकडे आहे. डब्यांवरील नावे अनेक असली तरी त्यांचे मूळ थोड्याच चिमण्यांपाशी जाऊन पोहोचते. स्वावलंबी म्हणवणारा शिकारी शेवटी याच कारखान्यांवर विसंबून असतो.

प्रवाह उलटला

पहिला धक्का २०२० मध्ये बसला. करोनाची साथ, सामाजिक अशांतता आणि अध्यक्षपदाची निवडणूक या तिहेरी कारणांनी अमेरिकेत बंदुकांची विक्रमी खरेदी झाली. काडतुसांबरोबर प्रायमर आणि दारूही दुकानांतून दिसेनाशी झाली. तो पूर ओसरत असतानाच युक्रेनचे युद्ध सुरू झाले.

हे युद्ध प्रामुख्याने तोफखान्याचे ठरले. युद्धापूर्वी अमेरिका १५५ मिलिमीटर तोफेचे महिन्याला सुमारे १४ हजार गोळे बनवीत असे. पुढे महिन्याला एक लाखाचे लक्ष्य ठेवण्यात आले. युरोपीय महासंघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात युक्रेनला दहा लाख गोळे देण्याचे आश्वासन दिले आणि ते त्या मुदतीत पाळता आले नाही. गोळ्याचे पोलादी कवच घडवणे तुलनेने सोपे होते. घोडे अडले ते स्फोटके आणि गोळा फेकणारी दारू या दोन ठिकाणी.

ढोबळ हिशेब करायचा, तर १५५ मिलिमीटरचा गोळा पूर्ण पल्ल्यावर फेकण्यासाठी दहा किलोहून अधिक दारू लागते. तेवढ्या वजनात मॅग्नमची सुमारे दोन हजार काडतुसे भरता येतील. तोफेची दारू रायफलीत चालत नाही, हे खरे. परंतु दोन्हींचा पाया एकच आहे, तो म्हणजे नायट्रोसेल्युलोज. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्यापासून पहिली यशस्वी धूरविरहित दारू तयार केली, तेव्हापासून त्याला खरा पर्याय सापडलेला नाही.

परिणाम व्हायचा तो झाला. अमेरिकेतील मोठ्या काडतूस समूहाने २०२३ च्या अखेरीस दारूच्या जागतिक टंचाईचा हवाला देत भाववाढ जाहीर केली. २०२४ मध्ये त्याच समूहातील 'अलायंट' या जुन्या, नामांकित दारू कंपनीने नायट्रोसेल्युलोजच्या तुटवड्याचे कारण देऊन किरकोळ डब्यांचा पुरवठा थांबवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये फेडरल, रेमिंग्टन, सीसीआय आणि अलायंट ही नावे असलेला हा समूह चेकोस्लोव्हाक ग्रुप या चेक कंपनीने सुमारे २२० कोटी डॉलरना विकत घेतला. ही कंपनी युरोपातील तोफगोळ्यांच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. शिकाऱ्याचा डबा आणि तोफेचा गोळा आता एकाच मालकाच्या हिशेबवहीत आले आहेत.

सरकीवरचा आखूड तंतू

नायट्रोसेल्युलोज बनते कशापासून? कापसाच्या बोंडातील लांब धागा जिनिंगमध्ये निघून गेल्यावर सरकीला जो आखूड तंतू चिकटून राहतो, त्यापासून. त्याला 'लिंटर' म्हणतात. त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. विदर्भ आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याला सरकी म्हणजे तेल आणि पेंड एवढेच ठाऊक असते. परंतु युरोपच्या संरक्षणमंत्र्यांची झोप या सरकीवरच्या तंतूने उडवली.

युरोपीय महासंघाचे तत्कालीन आयुक्त थिएरी ब्रेतॉं यांनी मार्च २०२४ मध्ये उघडपणे सांगितले, की दारूसाठी लागणारा विशिष्ट कापूस मुख्यतः चीनमधून येतो आणि काही महिन्यांपासून ती आवक थांबली आहे. जर्मनीच्या ऱ्हाइनमेटाल कंपनीचे प्रमुख आर्मिन पॅपरगर यांच्या म्हणण्यानुसार युरोप सत्तर टक्क्यांहून अधिक लिंटर चीनकडून घेत होता. लाकडाच्या लगद्यापासूनही नायट्रोसेल्युलोज करता येते. मात्र त्यासाठी प्रक्रियेत बदल आणि नव्याने चाचण्या आवश्यक ठरतात.

चीनचे महत्त्व येथेच संपत नाही. प्रायमरच्या मिश्रणात आणि शिशाला कठीणपणा आणण्यासाठी लागणाऱ्या अँटिमनी धातूवर चीनने २०२४ मध्ये निर्यात निर्बंध आणले आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेला होणारी निर्यातच बंद केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही बंदी वर्षभरासाठी स्थगित करण्यात आली.

कारखाने वाढवणे हा उपाय कागदावर सोपा दिसतो. अमेरिकी सैन्यासाठी नायट्रोसेल्युलोज तयार करणारा कारखाना व्हर्जिनियातील रॅडफर्ड येथे आहे आणि त्याची मूळ उभारणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. तेथील नव्या प्रकल्पाला वर्षानुवर्षे विलंब झाला. फ्रान्सने बेर्जराक येथे दारूनिर्मिती पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला आणि अध्यक्ष मॅक्रॉन यांनी एप्रिल २०२४ मध्ये त्याची पायाभरणी केली. युरोपीय महासंघाने दारूगोळा उत्पादनासाठी राखलेल्या पन्नास कोटी युरोंपैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्कम केवळ दारू आणि स्फोटकांसाठी दिली. परंतु आम्लांचा वापर, सांडपाणी, प्रशिक्षित कामगारांची वानवा आणि अपघाताची टांगती तलवार यांमुळे असा कारखाना दोन-चार महिन्यांत उभा राहत नाही. या उद्योगातील जोखीम महाराष्ट्राने अलीकडेच अनुभवली आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात आठ जणांचा मृत्यू झाला.

पर्याय शोधताना होणारी चूक

टंचाईचा सर्वांत गंभीर परिणाम भावात नव्हे, तर सुरक्षिततेत दिसू शकतो. ठरलेली दारू मिळाली नाही की जवळपासच्या गुणधर्माची दुसरी वापरण्याचा मोह होतो. बाजारात दारूच्या 'संथ ते जलद' अशा क्रमवारीचे तक्ते मिळतात. दोन प्रकार तक्त्यात शेजारी आहेत, म्हणून ते परस्परांच्या जागी चालतील, हा समज मात्र घातक आहे. तक्ता केवळ साधारण क्रम सांगतो. प्रत्येक काडतुसात किती दाब निर्माण होईल हे तो सांगत नाही.

नावांचा गोंधळ आणखी भर घालतो. 'एच ४८३१' आणि 'आयएमआर ४८३१' यांचा आकडा एकच असला तरी दारू वेगवेगळी आहे आणि एकीचे प्रमाण दुसरीला लावणे धोक्याचे ठरते. दारू वाचवण्यासाठी कवचात नेहमीपेक्षा बरीच कमी भरावी, हा उपायही सुरक्षित नाही. संथ दारू फारच कमी प्रमाणात भरली असता ती नीट न पेटता अचानक अनियमित दाब निर्माण करते, असे इशारे उत्पादक देत आले आहेत. हवामानाचाही परिणाम होतो. उन्हात तापलेल्या काडतुसाचा दाब वाढू शकतो; म्हणूनच तापमानाने फारशी न बदलणाऱ्या दारूला मॅग्नम वापरणाऱ्यांची मागणी असते आणि तीच प्रथम संपते.

या छंदाची शिस्त साधी आहे. चाचणी करून प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेतील प्रमाणच वापरायचे, तेही खालच्या मर्यादेपासून. गोळी, प्रायमर वा कवच बदलले तर पुन्हा खालून सुरुवात करायची. दारू मूळ डब्यातच ठेवायची आणि नाव पुसलेला डबा टाकून द्यायचा. मुबलकतेच्या काळात ही शिस्त पाळणे सोपे असते. हंगाम दाराशी आलेला आणि फळी रिकामी, अशा वेळी तिची कसोटी लागते.

अग्रक्रमाचा प्रश्न

सैन्याला आधी आणि शिकाऱ्याला नंतर, या अग्रक्रमाविषयी अमेरिकेत फारसा मतभेद नाही. आक्रमणाला तोंड देणाऱ्या देशाची गरज आणि हौशी शिकाऱ्याची गैरसोय यांची तुलना होऊ शकत नाही. पण प्रश्न तेवढाच नाही. जगातील सर्वांत मोठ्या संरक्षण अर्थसंकल्पाच्या देशात हजारो मैल दूरच्या एका युद्धाने नागरी बाजारातील फळ्या रिकाम्या व्हाव्यात, यातून या उद्योगाचा पाया किती अरुंद झाला आहे हे दिसते. शीतयुद्ध संपल्यावर पाश्चात्त्य राष्ट्रांनी दारूचे कारखाने बंद केले, एकत्र केले आणि कच्चा माल जेथे स्वस्त मिळेल तेथून घेतला. शांततेच्या काळात ती काटकसर शहाणपणाची वाटली.

भारतासाठीही यात विचार करण्याजोगे काही आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाल्यावर दारूगोळ्याचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया कंपनीकडे आले. कापूस आपल्याकडे पिकतो, सरकी आपल्याकडे गाळली जाते, दारू बनवण्याचे ज्ञान आणि कारखानेही आहेत. जग या तंतूसाठी चीनबाहेरचे पुरवठादार शोधत असताना, सरकीवरच्या या दुर्लक्षित तंतूचे शुद्धीकरण करणारा उद्योग वाढवायचा का आणि तो कामगारांच्या सुरक्षिततेशी तडजोड न करता कसा वाढवायचा, हा धोरणाचा प्रश्न आहे. भंडाऱ्याच्या दुर्घटनेनंतर या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकी शिकाऱ्यापुरते बोलायचे, तर युरोपातील तोफा थंडावल्या तरी त्याची फळी लगेच भरेल असे नाही. रिकामे झालेले लष्करी साठे भरून काढण्याचे काम अनेक वर्षे चालेल आणि नवे कारखाने प्रथम तिकडेच वळवले जातील. एका महायुद्धाच्या उरलेल्या साठ्याने त्याच्या आजोबांना मॅग्नमसाठी स्वस्त दारू मिळवून दिली होती. या युद्धाच्या अखेरीस तसा साठा उरण्याची चिन्हे तूर्त तरी नाहीत.